भिंगारहून दवाखाना गाठण्याचा पहिला धडा

नवशिक्याने आधी रस्त्याची योग्यता ओळखावी. भिंगारमधून नगर शहरात शिरणारी ही वाट कागदावर राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे; लोकांच्या तोंडी कल्याण-विशाखापट्टणम. आपल्याला विशाखापट्टणमला जायचे नाही. आपल्याला सिव्हिलला, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयात, जायचे आहे, आणि तेवढ्याशा अंतरात काय काय करता येते ते शिकायचे आहे. पाथर्डीकडचे पेशंटही याच वाटेने येतात, त्यामुळे सरावाला संधी भरपूर.

तयारी घरापासून. छातीत कळ आली की लगेच १०८ फिरवू नये. आधी घरच्यांची बैठक भरवावी: सिव्हिल, बूथ हॉस्पिटल, की सावेडीतला कुठला डॉक्टर? १०८ची गाडी राज्यात २०१४पासून धावते आहे, तिच्यात डॉक्टर असतो, पैसे पडत नाहीत. नेमके म्हणूनच बैठकीतल्या एखाद्या मामांचा तिच्यावर विश्वास नसतो. ते शेजाऱ्याची पिकअप काढतात आणि मागे गादी टाकतात.

पुलाबद्दल स्वतंत्र सूचना. २०२२च्या नोव्हेंबरात नितीन गडकरींच्या हस्ते सुरू झालेला, सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल सक्कर चौकापर्यंत नेतो. नवीन माणसाला मोकळा पूल दिसला की चढायचा मोह होतो. सिव्हिल तारकपूरकडे आहे, सक्कर चौकाकडे नाही. तेव्हा बैठकीत काहीच ठरले नसेल तर खुशाल पुलावर चढावे. पेशंटला निदान खालच्या गर्दीचे विहंगम दर्शन होते.

आता मुख्य विषय: मागून सायरन येतो तेव्हा. आरशात पाहू नये. पुढच्या रिक्षाला हॉर्न द्यावा. रिक्षा हलली नाही तर आणखी द्यावा, म्हणजे आपण मदत करतो आहोत हे सगळ्या चौकाला कळते. डावीकडे सरकण्याचा उपाय फार सोपा असल्याने कोणी करत नाही. रुग्णवाहिका कशीबशी पुढे निघालीच, तर तिच्या बुडाला गाडी चिकटवून चांदणी चौक मोकळा पार करावा. ही वरच्या इयत्तेची विद्या आहे. दुचाकीवाले तीत जन्मतः पारंगत असतात. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आले: वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम पाठ करावे. वाट द्यायला नव्हे, दुसऱ्याला ऐकवायला.

घाई कशाला, असे वाटल्यास इतिहास हाताशी आहे. पंचवीस वर्षे दख्खन पालथी घालणारा औरंगजेब १७०७ साली भिंगारलाच थांबला, तो कायमचा. पुढे खुलताबादला गेला तो देह. त्याच्या वेळी महामार्ग नव्हता, एवढी एक सबब त्याच्याकडे होती. आपल्याकडे तीही नाही.

छावणीच्या हद्दीत मात्र लष्कराच्या गाड्यांचा ताफा दिसला की आपण सगळे आपोआप कडेला होतो. म्हणजे सरकता येते, हे तिथे सिद्ध होते. हा भाग परीक्षेला नाही.

शेवटी पोहोचल्यावर गाडी सिव्हिलच्या फाटकातच आडवी लावावी, किल्ली खिशात टाकावी आणि केसपेपरच्या रांगेत उभे राहावे. बाहेर सायरन वाजत असेल तर लक्ष देऊ नये. आपला पेशंट आत गेलेला असतो.