खान्देशातील शासकीय अंगठा : एक अल्पप्रबंध

जिल्हा कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘माहिती आज सायंकाळी ५ पर्यंत सादर करावी’ असा साहेबांचा मजकूर पडला, की त्याखाली पिवळे अंगठे उमटू लागतात. या अंगठ्याची चिकित्सा अजून कोणी केलेली नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढणाऱ्या राजवाड्यांनी १९२६ साली ज्या धुळ्यात देह ठेवला, तिथेही नाही. हे खेदजनक आहे.

प्रथम संख्याशास्त्र. जळगाव जिल्ह्यात तालुके १५, धुळ्यात ४. दर तहसिलीस एक अंगठा धरला तर संपर्क-तंत्रज्ञानात जळगाव धुळ्याच्या पावणेचारपट पुढारलेले ठरते. धुळेकरांनी मनाला लावून घेऊ नये. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि त्यांचे ६ अंगठे एका दिवसात गेले. (तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हते, हा आक्षेप गौण आहे.)

पेशवाईत पत्राला ऐसपैस मायना असे आणि शेवटी ‘लेखनसीमा’. पुढे तार आली. शब्दागणिक पैसे पडू लागल्यावर माणसे मोजून बोलू लागली. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, शब्द फुकट झाले, आणि नेमके तेव्हापासून शासकीय उत्तरातला शेवटचा शब्दही गळाला. अर्थशास्त्रज्ञांनी याचा विचार करावा.

अंगठ्याचा अर्थ वेळेवर ठरतो. मिनिटाच्या आत आलेला अंगठा म्हणजे मजकूर वाचलेला नाही. अर्ध्या तासाने आलेला म्हणजे काम लिपिकाच्या टेबलावर सरकले. पाचनंतर अंगठ्याऐवजी जोडलेले हात आले तर माहिती तयार नाही, एवढे निश्चित समजावे. साहेबांनी फोन केलाच तर पलीकडून अहिराणीत ‘व्हई जाई, साहेब’ येते. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातला भरवशाचा संदेश हाच, कारण त्यात निदान माणसाचा आवाज असतो.

पूर्वी निळ्या शाईचा अंगठा निरक्षराचा असे, आणि तो घेण्याआधी त्याला कागद वाचून दाखवावा लागे. पिवळा अंगठा देणारा एमएस-सीआयटी उत्तीर्ण असतो. त्यामुळे वाचण्याची अट त्याला लागू नाही.

यंत्रे आली, प्रशिक्षणे झाली, ‘ओळखपत्रासह उपस्थित राहावे’ अशी पत्रेही निघाली. पण नीट दोन ओळींचे उत्तर कसे लिहावे, हे शिकवणारा वर्ग काही कुठे भरलेला दिसला नाही. उलट ग्रुपवरच्या आदेशाचा स्क्रीनशॉट काढायचा, त्याची प्रिंट काढायची, आवक क्रमांक टाकून ती फाइलला लावायची, ही विद्या कोणी न शिकवता सर्वांना येते.

अभ्यासकांनी आपापल्या तालुक्यातील अंगठ्यांचे नमुने या प्रबंधकर्त्याकडे पाठवावेत. हार्डकॉपीत, दोन प्रतींत.