रीलच्या शेवटी नंबर द्या

मुलं रील्स बघून मनाचे आजार शिकतात, म्हणून त्यांच्यावर ओरडू नका. घरी 'छातीत धडधडतं' म्हटलं की 'मोबाइल कमी कर' ऐकायला मिळतं. बहुतेक शाळांत समुपदेशक नाही. मग ती विचारणार कुणाला?

जाब रील करणाऱ्यांना विचारायला हवा. 'ही पाच लक्षणं आहेत? तुम्हाला एडीएचडी आहे!' म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार. आणि लक्षणं कुठली? वस्तू हरवणं, वर्गात लक्ष उडणं, अभ्यासाचा कंटाळा. पंधराव्या वर्षी यातलं काहीच होत नाही असं मूल दाखवा! कॅनडातल्या डॉक्टरांनी टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे सर्वाधिक पाहिलेले 100 व्हिडिओ तपासले. त्यातले 52 दिशाभूल करणारे निघाले. हा अभ्यास 2022चा. टिकटॉक आपल्याकडे 2020 पासून बंद आहे, पण तसलाच माल रील्स आणि शॉर्ट्समधून मुलांपर्यंत पोचतोच.

त्यात अल्गोरिदमला माया नाही. एक उदास रील जरा थांबून पाहिली की पुढे तशाच येत राहतात. लंडनची मॉली रसेल 14 वर्षांची होती. तिच्या 2017 मधल्या मृत्यूची चौकशी 2022 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा तिनं ऑनलाइन पाहिलेल्या अशा मजकुराचाही त्या मृत्यूत वाटा होता, असं चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, म्हणजे कॉरोनरनं, नोंदवलं. हे वाचून मोबाइल हिसकावून घ्यावासा वाटेल. घ्या, पण मुलाची धडधड तेवढ्यानं थांबत नाही.

म्हणून याच पडद्यावर चांगलं काही यायला हवं, आणि ते मराठीत. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं 'आवाहन' हे चॅनेल यूट्यूबवर घाई न करता मनाबद्दल बोलतं. अशी कामं वाढू द्या. पण ऐकून झाल्यावर मुलानं जायचं कुठं, तेही सांगा. सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. फुकट, चोवीस तास, मराठीतही. किती दहावीच्या वर्गांत हा नंबर फळ्यावर लिहिलेला आहे?

शिक्षण खात्यानं एकच रील करावी. फोन कसा लावायचा, पलीकडून काय विचारतात, बोलताना रडू आलं तर काय होतं, एवढंच त्यात दाखवावं. आणि ती परीक्षेच्या आधी यावी, निकालाच्या दिवशी नको.