एकादशी आणि सुरमई

परमेश्वरावरचं परमप्रेम म्हणजे भक्ती, हे नारदांनी भक्तिसूत्रांतल्या दुसऱ्याच सूत्रात सांगून टाकलं. एकूण सूत्रं ८४, भक्तीचे प्रकार अकरा. नारद त्रिलोकात फिरले खरे, पण अलिबागच्या मासळीबाजारात बहुधा आले नसावेत. नाहीतर एकादशीला सुरमई सोडणं हा बारावा प्रकार त्यांनी नक्की धरला असता.

अलिबागला खेटून असलेल्या वरसोलीत विठोबाचं देऊळ आहे. कार्तिकात तिथे जत्रा भरते. पंढरपूर ज्यांना लांब पडतं, त्यांची पंढरी हीच. आणि गावात कोळीवाडाही आहे. अंगणात तुळशीवृंदावन, शेजारी बांबूवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील. वाऱ्याने एखादा वृंदावनापाशी पडला, की आजी तो उचलते, तुळशीला तांब्याभर पाणी घालते आणि म्हणते, "वारा सुटलाय गो बाय." झालं प्रायश्चित्त.

ज्याच्या पानात मासळी कधी आलीच नाही, त्याने एकादशीला ती सोडण्यात काय मोठंसं? त्याचं वरीचे तांदूळ आणि दाण्याच्या आमटीवर झकास भागतं. खरा उपास इथल्या माणसाचा. १ जून ते ३१ जुलै सरकार यांत्रिक होड्यांना समुद्र बंद करतं, त्यात श्रावण लागतो. नारदांच्या यादीतली अकरावी भक्ती म्हणजे परमविरह. ती इथे शाळकरी पोरालाही शिकवावी लागत नाही. ज्याने कशावर तरी जीव लावलाय, त्यालाच देवासाठी काही सोडता येतं. बाकीच्यांकडे सोडायला असतं काय?

त्यातही कमाल माळकरी नाखव्याची. पहाटे होडी लागली की कल्ला उचलून लालसर रंग बघणार, सुरमई वेगळी, पापलेट वेगळं काढणार, भाव पाडणाऱ्याला दोन शब्द सुनावणार. मग लिंबाने हात चोळून घरी वरणभात जेवणार आणि संध्याकाळी टाळ घेऊन भजनाला बसणार.

अशाच एका नाखव्याला विचारलं, दिवसभर माशांत राहून जिभेवर ताबा राहतो कसा?

"विठोबाच्या कानात बघा," तो म्हणाला. "मकरकुंडलं. मासेच की ते. चोवीस तास कानाशी असतात, पण तो खातो का?"