इंडक्शन : साहित्य आणि कृती

अभिनंदन. एखाद्या शुक्रवारी, घरी निघता निघता, विभागप्रमुखांनी तुम्हाला थांबवून ‘तुमचं मुलांशी छान जमतं हो’ असं म्हटलं असेल, तर समजा की तुम्ही एफवायचे मेंटॉर झालात. वेगळी पात्रता लागत नाही. स्टाफरूममध्ये सर्वांत नवे असणं पुरतं. तासिका तत्त्वावर असाल तर उत्तमच, कारण नाही म्हणायची सोय नसते. पुढच्या जूनमध्ये आपण कुठे असू हे ज्याला ठाऊक नाही, त्यानेच मुलांना पुढच्या चार वर्षांची वाट दाखवायची.

घाबरू नका. मेंटॉरने करायचं इंडक्शन, म्हणजे प्रवेशानंतरचा परिचय कार्यक्रम, स्वयंपाकापेक्षा सोपा आहे. इथे चव कोणी बघत नाही.

साहित्य : सभागृह एक. फ्लेक्स एक, त्यावर मान्यवरांचे फोटो मोठे आणि कार्यक्रमाचं नाव मावेल तेवढं. समई, आणि चालणारी काडेपेटी. ही आदल्या दिवशी पेटवून बघावी, अनुभवाचे बोल आहेत. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंख्याच्या बटणापाशी उभे राहायला एक मामा. शाल, नारळ, गुलाबाची फुलं. पाहुणे एक, शक्यतो बोलणारे. जिओटॅगवाला कॅमेरा असलेला मोबाइल. विद्यार्थी चारशे, बसतील तसे.

कृती : मुलांना दहा वाजता बोलवावं, म्हणजे पाहुणे साडेअकराला येतात. स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार यांत पाऊण तास छान मुरतो. मग प्राचार्य संस्थेचा इतिहास सांगतात. मग अँटी रॅगिंग, ग्रंथालय, एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि परीक्षा या विभागांचे प्रमुख प्रत्येकी पाच मिनिटं घेतो म्हणून वीस घेतात. शेवटच्या दहा मिनिटांत, समोशाचा वास सभागृहात शिरल्यावर, तुम्ही उभं राहायचं आणि नवं शैक्षणिक धोरण समजावून सांगायचं.

हा भाग जरा निगुतीने करावा लागतो, म्हणून विस्ताराने सांगतो. स्लाइड एकच ठेवा, पण तिच्यावर सगळं हवं. तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६, म्हणजे सत्राला सरासरी २२. थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी. ही अक्षरं एका दमात म्हणण्याचा सराव घरी आरशासमोर करावा. मधे श्वास घेतलात तर कोणीतरी हात वर करण्याचा धोका असतो.

आमच्याकडे एकदा तसं झालंच. सातारा भागातला एक मुलगा, सोबत त्याचे वडील, निवृत्त सुभेदार. मुलगा पहिल्याच वर्षी मेजर घेतोय हे ऐकून ते ताठ बसले होते. सोबत मायनरही घ्यावं लागेल म्हटल्यावर त्यांना पदावनतीची शंका आली. सभागृह हसलं, मीही हसलो. मागाहून ध्यानात आलं की चारशेपैकी जाहीरपणे विचारायचा धीर केलेला तो एकच माणूस होता, आणि त्याला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. हसणाऱ्यांपैकी किती जणांना मेजर म्हणजे काय ते ठाऊक होतं, हे मी तपासलं नाही. तुम्हीही तपासू नका, समोसे गार होतात.

यानंतर फीडबॅक. क्यूआर कोड पडद्यावर लावावा आणि फॉर्म भरल्याशिवाय दार उघडू नये. प्रतिसाद ‘अतिशय उत्तम’ येतो. त्याचे तक्ते, फोटो आणि हजेरी एका फाइलीत लावली की नॅकच्या कामाला येते. पाककृती संपली.

आता वाढून झाल्यावर काय होतं तेही सांगायला हवं, कारण त्याबद्दल तुम्हाला कोणी विचारणार नाही.

मुलाला प्रश्न पडतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सायन्सच्या मुलीला कळतं की ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यावं लागतं, आणि मैत्रिणीने घेतलं म्हणून आपण घेतलेल्या विषयाचा तास नेमका आपल्या प्रॅक्टिकलच्या वेळेत आहे. दुसऱ्याला मायनर बदलायचंय, पण पोर्टल बंद झालंय. तिसऱ्याने कुठेतरी ऐकलंय की एका वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं. त्यासाठी ४४ क्रेडिटच्या वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, हे त्याने ऐकलेलं नाही. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं मोबाइलवर उघडताना आधार कार्डावरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नाही, हा तर घरटी एक प्रश्न. वडिलांचं नाव एकीकडे मधे, दुसरीकडे शेवटी.

या वेळी मेंटॉर कुठे असतो? तासावर असतो, किंवा इंडक्शनचा अहवाल लिहीत असतो. मग मुलं जातात ती खऱ्या सल्लागारांकडे. पहिला, फाटकासमोरचा झेरॉक्सवाला. त्याच्याकडे सगळे फॉर्म असतात आणि ते कसे भरायचे हेही त्याला येतं. दुसरे, खिडकीपलीकडचे क्लार्क, ज्यांचं उत्तर ‘जेवणानंतर या’ असलं तरी नंतर मिळणारं उत्तर बरोबर असतं. तिसरी, एसवायची एखादी ताई, जिने हाच घोळ गेल्या वर्षी घालून पाहिलेला असतो. या तिघांना इंडक्शनच्या व्यासपीठावर कधी बोलावू नये. प्रोटोकॉलमध्ये बसत नाही.

काही चुकीच्या पद्धतीही प्रचलित आहेत. त्या ओळखता याव्यात म्हणून थोडी माहिती. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७० साली, व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत, चिडलेल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष थॉमस जोन्स यांना त्यांच्याच कचेरीत कोंडलं. आपल्याकडे घेराव म्हणतात तो प्रकार. सुटका झाल्यावर शहाण्या माणसाने फाटकाची उंची वाढवली असती. या गृहस्थांच्या डोक्यात आलं की मुलं इतकी चिडतात, म्हणजे त्यांची आणि विद्यापीठाची ओळखच झालेली नसावी. १९७२ मध्ये त्यांनी ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा कोर्स सुरू केला. सभा नव्हे, पाहुणे नव्हेत. छोटा वर्ग, पूर्ण सत्रभर, आणि त्याला क्रेडिट. विषय एवढाच, की इथे शिकायचं कसं आणि अडलं तर जायचं कुणाकडे. पुढे जॉन गार्डनर यांनी त्याचा ध्यास घेतला आणि पहिल्या वर्षाचा असा सेमिनार इतर असंख्य विद्यापीठांत पसरला. एका अध्यक्षाला कोंडल्यामुळे एवढं झालं. (हा परिच्छेद विद्यार्थ्यांना वाचून दाखवू नये.)

आपल्याकडेही हे खूळ कागदावर आलेलं आहे. एआयसीटीईने अभियांत्रिकीसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम सांगितला. यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली. तिच्यात मुलांचे छोटे गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक, आणि ही ओळख पहिल्या आठवड्यानंतरही टिकावी अशी अपेक्षा आहे. मार्गदर्शिका वाचनीय आहे. पण तिचं नाव फ्लेक्सवर चांगलं दिसतं, एवढ्यावर आपण भागवतो. शंभर नावांच्या यादीचे पाच गट करायचे तर पाच शिक्षक लागतात, पाच खोल्या लागतात आणि वेळापत्रकात आठवड्याचा एक तास लागतो. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, खोल्यांत परीक्षा, आणि तो तास कुणाच्या वर्कलोडमध्ये धरायचा यावर बैठक. तेवढ्यात सत्र संपतं.

आमच्या एका सहकारी मॅडमनी हा प्रमाद गुपचूप करून पाहिला. दर गुरुवारी शेवटच्या तासाला वीस-बावीस मुलं, जुन्या प्रयोगशाळेत, स्टुलांवर. पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही. प्रत्येकाने आपलं टाइमटेबल वहीत काढायचं आणि त्यातल्या प्रत्येक विषयासमोर ‘हा मी का घेतला’ ते लिहायचं. बहुतेकांनी ‘पोर्टलवर हाच शिल्लक होता’ असं लिहिलं. दुसऱ्या गुरुवारी ऑफिसातल्या क्लार्कबाईंना चहाला बोलावलं. त्यांनी पीआरएन नंबर, एलिजिबिलिटी फॉर्म आणि एटीकेटी या तीन गोष्टी अर्ध्या तासात सांगितल्या, तेही स्लाइडशिवाय. तिसऱ्या खेपेला एसवायची मुलं आली आणि आपण कुठे कुठे आपटलो ते त्यांनी रंगवून सांगितलं. पुढे एकदा फक्त एवढाच सराव झाला : सरांच्या केबिनचं दार वाजवून आत जायचं आणि एक प्रश्न पूर्ण वाक्यात विचारायचा. ऐकायला बालवाडी वाटते. पण ज्या घरातून कॉलेजात कोणी पहिल्यांदाच आलंय, तिथे दार वाजवणं हाच सगळ्यात अवघड पेपर असतो. मला विचाराल तर इंडक्शनमधलं बाकी सगळं वगळून हे एवढं ठेवलं तरी चालेल. मला कोणी विचारत नाही.

मॅडमच्या उपक्रमाचा जिओटॅग फोटो नाही. त्यामुळे तो झालेला नाही.

तर तुम्ही या वाटेला जाऊ नका. तरीही एखाद्या दुपारी कोणी पोरगं हातात चुरगळलेला फॉर्म घेऊन स्टाफरूमच्या दारात घुटमळलं, तर त्याला ‘उद्या ये’ म्हणावं. उद्या आलं तर ‘ऑफिसात विचार’ म्हणावं. यातलं काही न सुचून चुकून ‘ये, बस’ म्हणालात, तर पुढची जबाबदारी आमची नाही. ते बसतं. फॉर्मबद्दल विचारतं, मग मायनरबद्दल, मग हॉस्टेलच्या मेसबद्दल, मग बराच वेळ गप्प राहून घरी पैसे पाठवावे लागतात त्याबद्दल. दुसऱ्या दिवशी दोन मित्रांना घेऊन येतं. तुमच्या टेबलासमोर खुर्ची एकच असते. जादा खुर्च्यांसाठी अर्ज करावा लागतो. त्याचा नमुना ऑफिसात नाही, पण झेरॉक्सवाल्याकडे मिळेल.