सोप्या शब्दाचा भारदस्त अर्थ

सोपा शब्द सोपा करून सांगण्यात कसली आली आहे विद्वत्ता? हे मर्म सॅम्युअल जॉन्सन यांना लंडनमध्ये 1755 सालीच उमगले होते. चाळीस हजारांवर शब्दांच्या त्यांच्या इंग्रजी कोशात 'नेटवर्क', म्हणजे साधी जाळी, समजावताना त्यांनी असे जडजंबाल लॅटिन वळणाचे शब्द योजले, की जाळे विणणाऱ्या कोळ्यालाही आपण काय विणतोय याचा पत्ता लागू नये. खोकला म्हणजे तर कुठल्याशा तीक्ष्ण द्रवाने चाळवलेल्या फुप्फुसांचा आचका! केवढी ही लोकसेवा. हाच पाठ शाळाशाळांतून गिरवला, तर गिऱ्हाइकाने केमिस्टच्या काउंटरवर व्याख्या पुरती करेपर्यंत खोकला आपसूक बरा होईल आणि बाटलीचे पैसे वाचतील.

बरे, साहेबांना सोपे लिहिता येत नव्हते असेही नाही. 'पेन्शन' हा शब्द आला आणि लेखणी एकदम मोकळी झाली. इंग्लंडात हा पैसा सरकारच्या भाडोत्री माणसाला देशद्रोहाबद्दल मिळतो असे समजतात, हे त्यांनी बिनदिक्कत छापून टाकले. शेंबड्या पोरालाही कळावे इतके स्वच्छ.

1762 साली तिसऱ्या जॉर्ज राजाने खुद्द जॉन्सन यांनाच वर्षाला 300 पौंड पेन्शन देऊ केली. कोशकार पेचात पडले. चित्रकार मित्र जोशुआ रेनल्ड्स यांच्याकडे सल्ल्याला गेले. रेनल्ड्स यांनी निर्वाळा दिला : कोशातली ती व्याख्या तुम्हाला लागू होत नाही.

पेन्शन सुरू झाली.