आठवड्याचे वीस तास

"फी तेवढी भरा, तिकडचा खर्च पार्टटाइम करून निघतो." पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर काय आणि नाशिकच्या कॉलेज रोडवर काय, परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीत बसलेल्या आईबापांना हे वाक्य ऐकवलं जातंच. ते मान डोलावतात. घरी येतात. आणि राहता फ्लॅट तारण ठेवतात.

वाक्य खोटं आहे.

इंग्लंडचाच हिशेब घ्या. विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा मास्टर्स करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. एकविशी गाठलेल्यांचं किमान वेतन एप्रिल 2026पासून तासाला 12.71 पौंड. आठवड्याचे झाले 254. आजारी न पडता, परीक्षेलाही सुट्टी न घेता वर्षभर राबलं तर महिन्याला साधारण 1,100. आता तेच सरकार व्हिसा देताना काय सांगतं? राहण्याखाण्यासाठी लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड दाखवा, लंडनमध्ये 1,529. म्हणजे सरकारने परवानगी दिलेले सगळे तास भरले तरी सरकारनेच ठरवलेला खर्च निघत नाही.

फीचं तर नावच काढू नका.

ही वजाबाकी पाचवीतल्या पोराला येते. चाळीस लाखांच्या कर्जावर सही करताना ती कुणी का करत नाही?

बरं, हे वीस तास तरी मिळतात का? यातली बरीच कामं 'झिरो अवर्स' करारावरची. नावातच सगळं आलं: मालक एकाही तासाची हमी देत नाही. रात्री दहाला एजन्सीचा मेसेज येतो, उद्या सहाला गोदामात या. मुलगी चारला उठते, रात्रीच्या बसने औद्योगिक वसाहत गाठते, हातात स्कॅनर घेऊन कपाटांच्या रांगांतून चालत राहते. तासाला किती वस्तू उचलल्या ते स्कॅनरच दाखवतो. आकडा घसरला की सुपरवायझर येऊन उभा राहतो. दुपारी दोनला सुटली की तीनचं लेक्चर. पुढचा आठवडाभर मेसेजच नाही.

भाडं मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जातं.

"उन्हाळ्यात फुलटाइम करता येतं ना?" येतं, पदवीच्या मुलांना. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण जातात एक वर्षाच्या मास्टर्सला. त्यांचा उन्हाळा म्हणजे डिसर्टेशन. विद्यापीठाच्या लेखी ते महिने सत्रातलेच, त्यामुळे मर्यादा वीसचीच. माहितीपत्रकावर हिरवळीत हसणारे विद्यार्थी छापायला जागा असते, या एका ओळीला नसते.

मग मुलं काय करतात? रोख पैशांवर जास्तीचे तास करतात. किमान वेतनाच्या निम्म्या-पाऊण दराने. मालकाला पक्कं ठाऊक असतं की हा पोरगा तक्रार करणार नाही. तक्रार करायला गेला तर आधी त्याचाच व्हिसा जायचा. कायदा म्हणतो, बेकायदा कामाला ठेवणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी माणशी 45 हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मालक हा धोका पैशांत मोजतो. पोरगा आयुष्यात.

आणि हे शोषण करणारा बऱ्याचदा आपलाच देशबांधव असतो. दिवाळीला मिठाईचा बॉक्सही देतो.

दुसरी वाट सायकलवरच्या डिलिव्हरीची. वाटतं, यात कुठला मालक आणि कुठले तास? घोडं तिथेच पेंड खातं. डिलिव्हरी करणारे कंपनीचे नोकर नसतात, स्वयंरोजगारात मोडतात. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला साफ बंदी आहे. वीस तास सोडा, एक तासही चालत नाही. मग कुणाचं तरी अकाउंट भाड्याने घ्यायचं, कमाईतला हिस्सा त्याला द्यायचा आणि पावसात त्याच्या नावाने पिझ्झे पोचवायचे. पकडलं तर व्हिसा रद्द, शिक्षण अर्धवट. अकाउंटवाला दुसऱ्या दिवशी नवा भाडेकरू शोधतो.

यातलं घरी काहीच कळत नाही.

"जेवलास का रे?" आई विचारते. "हो, जेवलो." संध्याकाळी सुपरमार्केटच्या कोपऱ्यात, मुदत संपत आलेल्या मालावर पिवळी लेबलं लावली जातात. त्या वेळेला टोपली घेऊन कोण उभं असतं, एकदा जाऊन बघा. पन्नास पेन्सचा ब्रेड, सत्तर पेन्सचं सॅलड. तेवढ्यावर दोन दिवस. मुलगा खोटं बोलत नाही, जेवलेला असतो.

खोलीबद्दल आई विचारत नाही, कारण व्हिडिओ कॉलला तो नेहमी एकाच भिंतीला टेकून बसतो. दुसऱ्या बाजूला दोन गाद्या, हॉलमध्ये पडदा लावून आणखी दोघं. इंग्लंडात वेगवेगळ्या घरच्या पाच जणांनी एका घरात राहायचं तर घरमालकाला परवाना लागतो. म्हणून कागदावर चौघंच राहतात. पाचव्याच्या नावावर भाडेकरारही नसतो, आणि त्याने कुणाकडे दाद मागायची?

कामात कमीपणा कसलाच नाही. गोदामात राबणाऱ्या, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. संताप आहे तो त्यांना बावीस-तेविसाव्या वर्षी चुकीचा आकडा हातात देऊन विमानात बसवणाऱ्यांचा. कन्सल्टन्सीला विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं. कौन्सेलिंग 'फ्री' असतं ते त्यामुळे. तुमच्या मुलाचा सल्लागार विद्यापीठाचा विक्रेता असतो, हे त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर कुठे लिहिलंय?

लंडनच्या 10, किंग हेन्रीज रोडवरच्या घरात डॉ. आंबेडकर विद्यार्थी असताना राहिले. महाराष्ट्र सरकारने ते 2015मध्ये विकत घेतलं, चांगलं केलं. मंत्री जातात, फोटो काढतात. पण त्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातली एक गोष्ट भाषणांत क्वचितच येते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. पुन्हा पैसे जमवून जायला तीन वर्षं गेली. पैसा संपला की अभ्यास थांबतो, मग बुद्धी केवढीही असो. शंभर वर्षांपूर्वीचं हे शहाणपण आज चाळीस लाख उचलताना आठवायला नको?

"पण नंतर नोकरी लागते ना!" ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं राहता येतं, हे खरं. 1 जानेवारी 2027पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना आणि मास्टर्सवाल्यांना मिळणार दीडच वर्ष. त्या मुदतीचा आरोग्य अधिभारही आधीच भरायचा, वर्षाला 1,035 पौंड. त्यानंतर राहायचं तर कंपनीने स्पॉन्सर करायला हवं. पगाराची सर्वसाधारण अट जुलै 2025पासून 41,700 पौंडांवर गेली आहे, नवोदितांना सवलत धरून 33,400. आता सांगा, वर्षभर गोदामात स्कॅनर चालवलेल्या, डोळ्यांत झोप घेऊन लेक्चरला बसलेल्या मुलीचा बायोडेटा कुणासमोर टिकणार? इंटर्नशिपचा वेळ तिने विकला. खरेदीदार एजन्सी.

इकडे बँकेचं व्याज कर्जाचे पैसे उचलल्या दिवसापासून चढत असतं. शिक्षण चालू असताना ईएमआय नसतो, म्हणून बापाला वाटतं व्याजही नसतं.

मुलांनी जाऊ नये का? जावं. जरूर जावं. एका वर्षाची फी, राहणं आणि खाणं असा पूर्ण पैसा हातात धरून, पार्टटाइमच्या कमाईच्या रकान्यात शून्य लिहून हिशेब बसत असेल तर बिनधास्त जावं. मिळालेल्या तासांचे पैसे मग पुस्तकांना, सहलीला, एखाद्या नाटकाच्या तिकिटाला. बसत नसेल तर वर्षभर इथे नोकरी करून, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून जावं. राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती तर फीबरोबर निर्वाहाचाही पैसा देते. पण शिष्यवृत्तीच्या अर्जात कन्सल्टन्सीला काय सुटणार? म्हणून ती माहिती तिथल्या भिंतीवर दिसत नाही.

तिथल्या भिंतीवर दिसतं '100 टक्के व्हिसा'. फूटभर उंचीच्या अक्षरांत.

त्याच उंचीच्या अक्षरांत खाली 'आठवड्याला फक्त 20 तास, तेही मिळाले तर' असं लिहिण्याची सक्ती सरकारने उद्यापासून करावी. रंग लालच हवा.