टायरमाहात्म्य

कारखान्याने विचारपूर्वक नेमलेले ३१ इंची टायर बडतर्फ करून त्यांच्या जागी ३५ इंचींची नेमणूक करणारे थारस्वामी, स्टिअरिंग पूर्ण वळवताच चाक मडगार्डला घासू लागले, सपाट डांबरावर तेच स्टिअरिंग थरथरू लागले आणि घाटात इंजिन धापा टाकू लागले, की सारा दोष मेकॅनिकच्या माथी मारतात. डिफरन्शियलचे गिअरही त्या प्रमाणात बदलावे लागतात, ही तजवीज मात्र त्यांच्या दफ्तरी नसते. चाकाच्या फेऱ्यांवरून हिशेब मांडणारा इमानी स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा प्रत्यक्ष वेग ९०च्या घरात असतो, सबब दंडाची पावती अन्यायकारक, असा त्यांचा अर्ज! मोटार वाहन कायद्यातील, गाडीतल्या फेरफारांना आळा घालणाऱ्या कलम ५२चा उल्लेख येथे औचित्यभंग ठरावा; कारण हे सर्व दिव्य ज्या दुर्गम प्रदेशासाठी, तो बहुधा मॉलच्या तळघरातील पार्किंगचा उतार असतो.